मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात शिरणारे जिवाणू

पापणीच्या कडेला, पापणीच्या केसांच्या मुळाशी आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ अस्तरावर जिवाणूंची कायम वस्ती असते. निरोगी माणसाच्या डोळ्यावरही ते असतात आणि आयुष्यभर त्यांच्यामुळे काही बिघडत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करताना मात्र हेच जिवाणू दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत गेले आणि तिथे रुजले, तर काही दिवसांतच दृष्टी कायमची जाऊ शकते. बोटाला कापून त्यात पू झाला, तरी बोट आठवड्याभरात बरे होते. मग बाहेर निरुपद्रवी असलेले जिवाणू डोळ्याच्या आत एवढे घातक का ठरतात?

डोळ्याच्या आतल्या या जंतुसंसर्गाला डॉक्टर एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात. मराठी वैद्यकीय लेखनात त्याला अंतर्नेत्रदाह असे नाव आहे. तो दुर्मीळ आहे. चांगल्या रुग्णालयांत दहा हजार शस्त्रक्रियांमागे साधारण दोन ते वीस रुग्णांना तो होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच प्रमाण शंभरात दहाच्या आसपास होते, यावरून मधल्या काळातली प्रगती लक्षात यावी. पण भारतात दरवर्षी मोतीबिंदूच्या साठ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया होतात. दहा हजारांतले चार-पाच म्हटले, तरी वर्षाला तीन हजार डोळे होतात. त्यांतला प्रत्येक डोळा दिसू लागेल या आशेने शस्त्रक्रियेला आलेला असतो.

जिवाणू येतात कुठून?

संसर्ग झाला की पहिला संशय साहजिकच रुग्णालयाच्या स्वच्छतेवर जातो. एकापाठोपाठ एक अनेक रुग्णांना संसर्ग झाला, तर तो संशय बहुधा बरोबर असतो. एकट्यादुकट्या रुग्णाच्या बाबतीत मात्र जिवाणू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या पापणीवरचेच असतात. १९९१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ रुग्णांच्या डोळ्यांच्या आत सापडलेले जिवाणू त्याच रुग्णांच्या पापण्या, डोळ्याचे अस्तर आणि नाक इथल्या जिवाणूंशी आनुवंशिक चाचण्यांनी ताडून पाहिले गेले. १४ जणांत ते हुबेहूब जुळले.

यांत सर्वाधिक आढळतो तो स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, म्हणजे त्वचेवर राहणारा सौम्य जिवाणू. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, ज्या रुग्णांच्या नमुन्यांत जिवाणू वाढले त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांत हा आणि त्याचे जवळचे भाऊबंद होते. उरलेल्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्ट्रेप्टोकॉकस आणि काही ग्रॅम-ऋण जिवाणू होते. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या ग्रॅम रंगप्रक्रियेत जांभळा रंग धरून न ठेवणाऱ्या जिवाणूंना ग्रॅम-ऋण म्हणतात. त्यांचे बाह्यावरण वेगळे असते आणि अनेक औषधांना ते दाद देत नाहीत. भारतातल्या नोंदींत या जिवाणूंचा आणि बुरशीचाही वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो.

त्यामुळे शस्त्रक्रियेआधीची डोळ्याची तपासणी महत्त्वाची. पापण्यांच्या कडा सुजून त्यांवर कोंड्यासारखे पापुद्रे धरलेले असतील, तर तिथे जिवाणूंची संख्या वाढलेली असते. नाकाच्या बाजूची अश्रुपिशवी तुंबलेली असेल, तर ती पुवाचा साठाच होऊन बसते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ डॉक्टर बोटाने दाबून पाहतात आणि बारीक नळीने पाणी सोडून ते घशात उतरते का हे विचारतात, ते याचसाठी. दाबल्यावर पू वर आला, तर आधी अश्रुपिशवीचा उपचार होतो आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थांबते. तारीख पुढे गेली म्हणून घरचे वैतागतात, पण ही तपासणी टाळणे जोखमीचे आहे.

आत शिरण्याची वाट

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाला आलेला गढूळपणा. फेको पद्धतीत दोन ते तीन मिलिमीटरच्या छेदातून श्राव्यातीत लहरींनी हे भिंग फोडून शोषून घेतात आणि त्याच्याच पातळ पिशवीत घडी घातलेले कृत्रिम भिंग सोडतात. भारतात मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत छेद सहा-सात मिलिमीटरचा असतो. मात्र तो बोगद्यासारखा तिरका घेतलेला असल्याने त्यालाही बहुधा टाका लागत नाही. डोळ्याच्या आतला दाब बोगद्याची आतली झडप बाहेरच्या बाजूला दाबून धरतो आणि जखम आपोआप मिटते.

नेमकी इथेच एक फट राहते. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही तास डोळ्याचा दाब कमी-जास्त होत असतो. दाब घसरला की झडप सैल पडते, आणि पापणी मिटता-उघडताना किंवा डोळा चोळताना छेदाशी साचलेले अश्रू आत ओढले जाऊ शकतात. मरणोत्तर दान केलेल्या डोळ्यांवर काळी शाई टाकून दाब कमी-जास्त केला, तेव्हा शाई छेदातून आत जाताना दिसली. ‘डोळा चोळू नका, डोळ्यात नळाचे पाणी जाऊ देऊ नका, डोक्यावरून अंघोळ करू नका’ या सूचना या फटीसाठी असतात. ड्रॉपच्या बाटलीचे टोक पापणीला टेकू नये, हेही त्याचसाठी.

दुसरी वाट अधिक धोक्याची. भिंगाची मागची पिशवी कागदापेक्षाही पातळ असते आणि ती डोळ्याचा पुढचा व मागचा कप्पा वेगळे ठेवते. शस्त्रक्रियेत ती फाटली, तर पुढच्या कप्प्यात आलेल्या जिवाणूंना मागे जायला रस्ता मोकळा होतो आणि संसर्गाची शक्यता कित्येक पटींनी वाढते.

पुढचा कप्पा आणि मागचा कप्पा

शस्त्रक्रिया संपताना पुढच्या कप्प्यातला द्रव काढून तपासला, तर कितीतरी डोळ्यांत जिवाणू सापडतात. निरनिराळ्या अभ्यासांत हे प्रमाण फार वेगवेगळे आहे, पण एका अभ्यासात ते चाळीस टक्क्यांच्या वर होते. म्हणजे जिवाणू आत जाणे ही अपवादात्मक घटना नाही. अपवाद आहे तो त्यांचे तिथे रुजणे. याचे कारण पुढच्या कप्प्यातला द्रव वाहता असतो. जेमतेम पाव मिलिलिटरचा हा कप्पा सतत नव्या द्रवाने भरत असतो आणि दीड-दोन तासांत त्यातला सगळा द्रव बदलतो. आलेले थोडे जिवाणू त्याबरोबर वाहून जातात, उरलेल्यांना रक्तातून आलेल्या पेशी संपवतात.

मागच्या कप्प्याची गोष्ट वेगळी. तिथे सुमारे चार मिलिलिटर पारदर्शक, जेलीसारखा काचद्रव असतो. त्यात ९८-९९ टक्के पाणी आणि त्याला बांधून ठेवणारे बारीक तंतू असतात. हा द्रव वाहत नाही. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि संरक्षक पेशीही जवळपास नसतात, कारण रक्तवाहिन्या असत्या तर प्रकाशाची वाट अडली असती. पडद्यातल्या, म्हणजे दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीही घट्ट जोडलेल्या असतात, त्यामुळे रक्तातल्या पेशी आणि मोठे रेणू सहजासहजी आत झिरपत नाहीत. शिवाय शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा डोळ्याच्या आत मुद्दाम हात आखडता घेते. इतरत्र सूज येऊन गेली तर फारसे काही अडत नाही, पण डोळ्याच्या आत सूज आली तर नजरच जाते. डोळा पारदर्शक ठेवण्यासाठी निसर्गाने केलेली ही व्यवस्था जिवाणू आत आल्यावर डोळ्यालाच उघडे पाडते.

कोमट दुधात थेंबभर विरजण घालून भांडे न हलवता ठेवले, की सकाळपर्यंत सारे दूध विरजते. काचद्रवात तसेच होते: शरीराइतकी ऊब, पोषक द्रव, कसलीही हालचाल नाही आणि अडवणारे कोणी नाही. दर अर्ध्या तासाला दुप्पट होणारे दहा जिवाणू हिशेबाने साडेआठ तासांत तेरा लाखांवर जातात. प्रत्यक्षात सुरुवातीला नव्या जागेत जम बसवण्यात त्यांचा काही वेळ जातो, म्हणून लक्षणे तासांत न दिसता दिवसांत दिसतात.

पडदा खराब होतो तो कसा?

काचद्रवाला लागूनच डोळ्याचा पडदा असतो. प्रकाशाचे संदेशांत रूपांतर करणाऱ्या त्याच्या पेशी एकदा मेल्या, की पुन्हा तयार होत नाहीत. जिवाणू वाढताना विषारी द्रव्ये आणि प्रथिने विरघळवणारी विकरे सोडतात. त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस या बाबतीत दुबळा असतो, त्यामुळे वेळेवर उपचार मिळाले तर त्याचा संसर्ग झालेले बरेच डोळे वाचतात. स्ट्रेप्टोकॉकस आणि ग्रॅम-ऋण गटातला स्यूडोमोनास यांची विषे मात्र दोन दिवसांतही पडदा निकामी करू शकतात.

दुसरा घाव शरीराचा स्वतःचा असतो. धोक्याची जाणीव उशिरा होते आणि मग रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडून लाखो पांढऱ्या पेशी आत घुसतात. जिवाणू मारण्यासाठी त्या जी विकरे आणि तीव्र रसायने सोडतात, ती पडद्याच्या पेशींनाही सोडत नाहीत. म्हणून औषधाने जिवाणू मेले तरी नुकसान काही काळ सुरूच राहते, आणि उपचारात काही तासांचा उशीरही महागात पडतो.

लक्षणे

संसर्ग बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात उघड होतो. पट्टी निघाल्यावर छान दिसू लागलेले असते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा धूसर होऊ लागते. ही उलटी वाट सर्वांत महत्त्वाची खूण आहे. विजेरीच्या उजेडात पाहिले तर बुबुळाच्या खालच्या कडेला पांढरट-पिवळसर पुवाची आडवी पातळी दिसू शकते. पांढऱ्या पेशी जड असल्याने खाली बसतात आणि त्यांची वरची रेघ सरळ राहते.

दुखणे मात्र दरवेळी असतेच असे नाही. वर उल्लेखिलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातल्या सुमारे चौथाई रुग्णांना वेदना नव्हत्या. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही, सोमवारी दाखवू’ या भरवशावर रविवार काढल्याने डोळे गेले आहेत.

▪ चौकट: त्याच दिवशी, रात्र असली तरी, नेत्रतज्ज्ञाला दाखवावे अशी लक्षणे
आधी सुधारलेली नजर पुन्हा कमी होणे. डोळ्याची लाली कमी होण्याऐवजी वाढणे. ठणका लागणे किंवा दुखणे वाढत जाणे. पापणी सुजणे, चिकट स्राव येणे. उजेड सहन न होणे. बुबुळावर पांढरट झाक किंवा खाली पुवाची रेघ दिसणे. यांपैकी एकच लक्षण असले तरी थांबू नये. घरात पडून राहिलेले जुने ड्रॉप घालू नयेत.

या लक्षणांशी साम्य असलेला पण जिवाणूंशिवाय होणारा एक विकारही आहे. शस्त्रक्रियेत वापरलेला द्रव, साबणाचे अंश किंवा चुकीच्या तीव्रतेचे औषध यांमुळे डोळ्याच्या पुढच्या भागाला रासायनिक सूज येते. ती बारा ते अठ्ठेचाळीस तासांतच येते, बुबुळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धुरकट होते, वेदना कमी असतात आणि मागचा काचद्रव स्वच्छ राहतो. तिला स्टिरॉइड लागते. संसर्गाला आधी प्रतिजैविक लागते. शंका असेल तेव्हा डॉक्टर संसर्ग धरूनच चालतात, आणि ते योग्यच आहे.

औषध थेट डोळ्यात का टोचतात?

पडद्याच्या रक्तवाहिन्यांची जी घट्ट भिंत जिवाणूंच्या पथ्यावर पडते, तीच औषधालाही अडवते. गोळी किंवा शिरेतून दिलेली अनेक प्रतिजैविके काचद्रवात पुरेशी पोहोचत नाहीत. ड्रॉप तर पुढच्याच कप्प्यात थांबतात. म्हणून बारीक सुईने काचद्रवाचे दोन-तीन दशांश मिलिलिटर काढून तपासणीला पाठवतात आणि त्याच बैठकीत आत दोन औषधे टोचतात: व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी दशांश मिलिलिटरमध्ये. पहिले स्टॅफिलोकॉकस-स्ट्रेप्टोकॉकस गटावर, दुसरे ग्रॅम-ऋण जिवाणूंवर. मात्रा एवढी कमी, कारण थोडेही जास्त झाले तर पडद्यालाच इजा होते. कोणता जिवाणू आहे हे प्रयोगशाळेत कळायला एक-दोन दिवस लागतात आणि तोवर थांबता येत नाही, म्हणून दोन्ही बाजू आधीच सांभाळल्या जातात.

काचद्रवच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे व्हिट्रेक्टमी, कोणाला करावी याचे उत्तर १९९५ मध्ये मिळाले. अमेरिकेत ४२० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की ज्यांना डोळ्यापुढे हात हललेला कळत होता, त्यांना सुईने औषध टोचणे आणि ताबडतोब व्हिट्रेक्टमी करणे यांचा गुण सारखाच आला. ज्यांना फक्त उजेड आहे की अंधार एवढेच कळत होते, त्यांना व्हिट्रेक्टमीचा स्पष्ट फायदा झाला आणि चांगली नजर परत येण्याची शक्यता तिपटीने वाढली. शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकांनी फरक पडला नाही. एकूण रुग्णांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांची नजर अखेर ६/१२ किंवा त्याहून चांगली झाली. हा संसर्ग म्हणजे डोळा गेलाच, असे समजून हातपाय गाळणे म्हणूनच चूक आहे.

प्रतिबंध: आयोडीन आणि एक थेंब औषध

सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे तपकिरी रंगाचे पोविडोन-आयोडीन. शस्त्रक्रियेआधी पापण्यांच्या त्वचेवर १० टक्क्यांचे आणि डोळ्यात ५ टक्क्यांचे द्रावण टाकून साधारण तीन मिनिटे थांबतात. आयोडीन जिवाणूंच्या प्रथिनांवर एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ला करते, त्यामुळे ते पचवणारे जिवाणू तयार झालेले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये एका रुग्णालयाच्या काही शस्त्रक्रियागृहांत आयोडीन आणि इतरांत चांदीचे जुने औषध वापरून केलेल्या तुलनेत संसर्गाचे प्रमाण अनुक्रमे ०.०६ आणि ०.२४ टक्के आले. बधिरतेची जेली आधी लावली, तर आयोडीन डोळ्याच्या अस्तरापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून क्रम पाळावा लागतो. त्यानंतर पापण्यांचे केस चिकट प्लास्टिकच्या पडद्याखाली दुमडून टाकतात, म्हणजे ते छेदाजवळ येत नाहीत.

दुसरा उपाय शस्त्रक्रियेच्या शेवटच्या मिनिटाचा: छेद मिटण्यापूर्वी पुढच्या कप्प्यात प्रतिजैविकाचा अंश सोडणे. स्वीडनमधल्या अनुभवानंतर युरोपातल्या १६ हजारांहून अधिक रुग्णांवर सेफुरोक्झिमची चाचणी झाली आणि २००७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. औषध न सोडलेल्यांत संसर्ग सुमारे पाचपट होता. भारतात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने मोक्सिफ्लोक्सासिन वापरले. सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदींत दहा हजारांमागे सातवरून दोनवर आकडा आला. एवढ्या मोठ्या संख्येवर तपासलेला आणि इतका स्वस्त उपाय प्रत्येक छोट्या रुग्णालयातही वापरात असायला हवा.

एकाच दिवशी अनेकांना संसर्ग

नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारमधल्या मुझफ्फरपूर इथे एका दिवसात ६५ जणांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि अनेकांचे डोळे काढून टाकावे लागले. महाराष्ट्रातही २०१५ मध्ये वाशीमला आणि २०१९ च्या जानेवारीत मुंबईत जोगेश्वरीला एकाच वेळी अनेक रुग्णांना संसर्ग झाल्याच्या घटना घडल्या. अशा वेळी पापणीवरच्या जिवाणूचा संबंध क्वचितच असतो. सर्वांच्या डोळ्यांत गेलेली एखादी समान गोष्ट शोधावी लागते.

बऱ्याच वेळा आढळतो तो स्यूडोमोनास एरुजिनोसा. हा ग्रॅम-ऋण जिवाणू ओलाव्यात राहतो: नळाची तोटी, बेसिन, पाण्याच्या टाक्या, यंत्रांच्या नळ्या. जवळपास अन्न नसलेल्या पाण्यातही तो तग धरतो आणि नळीच्या आतल्या भिंतीवर चिकट थर करून त्याखाली जंतुनाशकापासून सुरक्षित राहतो. शस्त्रक्रियेत डोळा धुण्यासाठी वापरायच्या द्रवाची बाटली, भिंगाची पिशवी निळी करणारा रंग, फेको यंत्राची नळी यांपैकी कशातही तो असला, तर त्या दिवशीच्या यादीतले सगळे रुग्ण धोक्यात येतात.

उपकरणे निर्जंतुक करण्याचे यंत्र, ऑटोक्लेव्ह, वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसला काम करते. डबा ठासून भरला, तर मध्ये हवेचे कप्पे राहतात आणि तिथे वाफ पोहोचत नाही. डब्यावरच्या पट्टीचा रंग बदलला याचा अर्थ बाहेर उष्णता पोहोचली एवढाच; आतले जिवाणू मेले का, हे तो सांगत नाही. त्यासाठी उष्णता सोसणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असलेली कुपी डब्याच्या मध्यभागी ठेवतात आणि नंतर उबवून पाहतात. कुपीत काही उगवले नाही, तरच निर्जंतुकीकरण झाले असे म्हणता येते. दिवसाला पन्नास शस्त्रक्रियांची घाई असते तिथे पहिली काटछाट याच कुपीवर होते, आणि ती अक्षम्य आहे.

महिन्यांनी उद्भवणारा प्रकार

सगळे संसर्ग आठवड्याभरात दिसत नाहीत. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, म्हणजे तारुण्यपीटिकांशी संबंधित जिवाणू, अतिशय सावकाश वाढतो आणि त्याला प्राणवायू नको असतो. कृत्रिम भिंग आणि त्याची पिशवी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तो दडून बसतो. काही महिन्यांनी, कधी वर्षाने, डोळ्यात सौम्य सूज येते. स्टिरॉइडचे ड्रॉप घातले की ओसरते, थांबवले की परत येते, आणि साधी सूज समजून महिने निघून जातात. बारकाईने पाहिल्यास पिशवीवर पांढरा डाग दिसतो. मागची पिशवी गढूळ झाली म्हणून लेसरने तिला छिद्र पाडले, तर दडलेले जिवाणू काचद्रवात सुटतात आणि सूज एकदम भडकते. नमुना प्रयोगशाळेत दोन आठवडे उबवत ठेवावा लागतो. तीन दिवसांत ‘काही वाढले नाही’ असा अहवाल दिला, तर हा जिवाणू निसटतो. औषध टोचून बरेचदा तात्पुरताच गुण येतो, कारण भिंगावरच्या चिकट थरात ते शिरत नाही. अशा वेळी पिशवी आणि कृत्रिम भिंग दोन्ही काढावी लागतात आणि डोळा शांत झाल्यावर नवे भिंग दुसऱ्या जागी बसवले जाते.